मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर: खबर कुठे आणि कशी द्यायची, नंतरचे कागद कसे मिळवायचे

जवळजवळ प्रत्येक जण विचारतो तो प्रश्न आधी निकालात काढू. ‘माझ्याकडे पुरावा नाही, नुसता संशय आहे. तक्रार कशी करू?’ करा. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, आणि खरं सांगायचं तर आपण त्यात हात घातला की बहुतेक वेळा केस बिघडते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे आपण ज्याला नुसतं पोक्सो म्हणतो, त्याच्या कलम १९ मध्ये गुन्हा घडल्याचं माहीत असलेला माणूस तर येतोच, पण गुन्हा घडेल अशी धास्ती वाटणारा माणूसही येतो. दोघांनीही पोलिसांना कळवायचं आहे. खरं-खोटं ठरवायला तपास अधिकारी आहेत, न्यायालय आहे.

हा लेख या कामात नव्याने पडलेल्यांसाठी आहे: पहिल्याच वर्षी वर्गावर उभे राहिलेले शिक्षक, अंगणवाडी सेविका, वसतिगृहाचे अधीक्षक, संस्थेत रुजू झालेले कार्यकर्ते. आणि ज्यांचा यातल्या कशाशीच संबंध नाही, पण शेजारच्या घरातून रोज रात्री लेकराचं रडणं ऐकू येतं, अशांसाठीही. कायदे देशभराचे आहेत, कार्यालयं महाराष्ट्रातली धरली आहेत.

कायद्याच्या लेखी १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मुलगा असो वा मुलगी. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण मुलग्याची गोष्ट आली की घरचे आणि कधी कधी ठाण्यातलेही ‘पोराला काय होतंय’ म्हणून हसण्यावारी नेतात. पोक्सो असा फरक करत नाही.

दरवाजा कुठला?

लैंगिक स्वरूपाचं काहीही असेल, म्हणजे स्पर्श, अश्लील बोलणं, पाठलाग, फोटो-व्हिडिओ, किंवा त्याहून गंभीर काही, तर दरवाजा एकच: पोलीस. स्थानिक ठाणं किंवा विशेष बाल पोलीस पथक. हे ऐच्छिक नाही. माहीत असून कळवलं नाही तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ही शिक्षा मुलाला मात्र लागू नाही. मुलाने आधी का सांगितलं नाही, असं त्याला कोणी दरडावू शकत नाही.

शिक्षकांनो, इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं, माझी जबाबदारी संपली.’ संपत नाही. कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतो, आणि कळवायचं ते पोलिसांना. शाळेची अंतर्गत समिती बसेल, संस्थाचालक गावाहून येतील, मग ठरवू, ही वाट पाहणं म्हणजेच न कळवणं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असून कळवलं नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निकाल फिरवला आणि अशी माहिती दडवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं स्पष्ट म्हटलं. बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण २०२४ च्या ऑगस्टमध्ये बाहेर आलं तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तिथेही गुन्हा नोंदवायला झालेला उशीर आणि शाळेने न कळवणं हेच दोन मुद्दे ऐरणीवर आले.

मारहाण, उपासमार, घरात कोंडून ठेवणं, टाकून जाणं, भीक मागायला लावणं, कामाला जुंपणं, यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच क्रूरपणे वागवलं किंवा जाणूनबुजून हेळसांड केली तर कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बालगृहासारख्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याने केलं तर पाच वर्षांपर्यंत. अशा वेळी १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या चाइल्डलाइनला फोन करा, किंवा थेट जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जा; संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणारी ही कायद्याने नेमलेली समिती. मुलाच्या जिवाला आत्ता, या क्षणी धोका असेल तर ११२.

हेळसांड या शब्दाबाबत जरा थांबू या, कारण नवे कार्यकर्ते इथे सगळ्यात जास्त घसरतात. ऊसतोडीला गेलेले आईबाप, मागे आजीकडे राहिलेलं मूल, अंगात फाटका शर्ट, शाळेत दांड्या: ही गरिबी आहे, गुन्हा नाही. दारू पिऊन आठवड्याची मजुरी उडवणारा आणि तापाने फणफणलेल्या पोराला दवाखान्यात न नेणारा बाप ही हेळसांड आहे. पहिल्या घराला मदत हवी. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व आहे, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून मिळणारी मदत, महिन्याला ४,००० रुपये. राज्याची बालसंगोपन योजना आहे. दोन्हींसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज होतो. मुलाला घरातून उचलून संस्थेत ठेवणं हा बाल न्याय कायद्यात शेवटचा उपाय मानला आहे, पहिला नाही. शंका असेल तरी कळवा, पण कळवताना ‘यांना मदतीची गरज दिसते’ असं लिहायला कचरू नका.

खेड्यात आणखी एक पायरी असते: ग्राम बाल संरक्षण समिती. सरपंच, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील अशी मंडळी तिच्यात असतात. शाळाबाह्य मुलं, ठरलेला बालविवाह अशा गोष्टींत ती कामाची. लैंगिक गुन्ह्याची गोष्ट मात्र तिच्यासमोर मांडू नका. गावात बैठक बसली की समझोता होतो, आणि समझोत्याचा अर्थ मुलीसाठी काय असतो ते वेगळं सांगायला नको.

मूल बोलायला लागतं तेव्हा

हातातलं काम ठेवा आणि ऐका. ‘मग काय झालं?’ एवढं पुरे. ‘त्याने इथे हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका; पुढे उलटतपासणीत हेच बाहेर निघतं की गोष्ट मुलाच्या तोंडात कोणीतरी घातली. पुन्हा पुन्हा वदवूनही घेऊ नका. शिपायापासून संस्थाचालकापर्यंत सगळ्यांसमोर मुलाला उभं करून ‘सांग परत’ म्हणणं हा दुसरा अत्याचार आहे.

‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी म्हणा: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच मी सांगणार आहे.’ आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारायला जाऊ नका. राग येतो, समजू शकतं. पण तो सावध होतो, फोन पुसून टाकतो, मुलाला धमकावतो किंवा गावी पाठवून देतो.

प्रकार नुकताच घडला असेल तर मुलाला आंघोळ घालायची घाई करू नये. कपडे धुऊ नयेत. कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकच्या नाही, कारण ओल राहून नमुने खराब होतात. मोबाइलवर काही आलं असेल तर फोन तसाच पोलिसांकडे द्या. तो व्हिडिओ ‘पुरावा म्हणून’ ग्रुपवर किंवा ओळखीच्या वकिलाला फॉरवर्ड केला तर तो गुन्हा तुमच्यावर येतो. बालकांचं लैंगिक चित्रण बाळगणं, पसरवणं या दोन्हीला शिक्षा आहे. ऑनलाइन प्रकार असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते.

त्याच दिवशी एक टिपण लिहून काढा. तारीख, वेळ, जागा, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत; शब्द गावठी असो, शिवराळ असो, तोच लिहा. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, ऐकीव वेगळं, तुमचा अंदाज वेगळा. खाली सही. हा कागद हजेरीपटात किंवा सामायिक फाइलमध्ये ठेवू नका.

ठाण्यात

तोंडी खबर चालते, पण लिहून न्या. भाषा साधी असू द्या. साधारण असं:

‘प्रति, पोलीस निरीक्षक, … पोलीस ठाणे. विषय: बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या संशयाबाबत पोक्सो कायद्याच्या कलम १९ अन्वये खबर. मी … येथे शिक्षिका आहे. दि. … रोजी दुपारी … वाजता माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मला पुढील शब्दांत सांगितले: … मी स्वतः पाहिलेल्या गोष्टी: … बालिकेचे नाव व पत्ता सोबतच्या बंद पाकिटात देत आहे. संशयित व्यक्ती तिच्याच घरात राहते. बालिकेच्या सुरक्षिततेसाठी तातडीने पावले उचलावीत व या खबरीची पोच द्यावी.’

संशयित त्याच घरात राहतो की नाही, हे वाक्य विसरू नका. त्यावरच पुढचं ठरतं: मुलाला घरी ठेवायचं, विश्वासातल्या नातेवाइकाकडे द्यायचं, की दुसरीकडे हलवायचं.

पोलिसांनी ही खबर लिहून घ्यायची, तिला नोंद क्रमांक द्यायचा, तुम्हाला वाचून दाखवायची. गुन्हा दाखल झाला की फिर्याद देणाऱ्याला प्रथम खबरीची, म्हणजे एफआयआरची, प्रत मोफत मिळते. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, ही तरतूद थेट कलम १७३ मध्येच आहे. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. ठाणे अंमलदाराला त्यांचंच नाव विचारा, बोलणं लवकर वळणावर येतं. मुलाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, दर्जा उपनिरीक्षकापेक्षा कमी नाही, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा मूल म्हणेल त्या जागी, आईवडील किंवा मुलाच्या विश्वासातलं माणूस सोबत असताना घ्यायचा असतो. आरोपी मुलाच्या नजरेसही पडता कामा नये. रात्री कोणत्याही कारणाने मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही.

पोलिसांनी नोंद घेतलीच नाही तर? आधी अर्ज आवकला द्या, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मग तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर पोलीस उपायुक्तांना, रजिस्टर पोस्टाने पाठवा. तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही तक्रार जाते. आणि हे नम्रपणे सांगायला हरकत नाही: कलम २१ ची शिक्षा न कळवणाऱ्याला आहे, तशीच कळवलेलं नोंदवून न घेणाऱ्यालाही आहे.

‘उद्या खोटं निघालं तर माझ्यावर शेकेल का?’ प्रामाणिकपणे दिलेल्या खबरीसाठी कोणतीही दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, असं कलम १९ मध्येच लिहिलं आहे. शिक्षा आहे ती बदनामीसाठी, पैसे उकळण्यासाठी किंवा धमकावण्यासाठी रचलेल्या खोट्या तक्रारीला. चुकलेला अंदाज आणि रचलेली तक्रार यात कायदा फरक करतो.

१०९८ बद्दल थोडं. हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. चाइल्डलाइनची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून झाली. अनेक वर्षं ती स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यावर चालली. २०२३ पासून ती सरकारच्या महिला व बालविकास यंत्रणेकडे आली आणि ११२ शी जोडली गेली. जुन्या कार्यकर्त्यांकडून एखाद्या संस्थेच्या चाइल्डलाइनचा पत्ता मिळाला तर तो आता लागू असेलच असं नाही. क्रमांक मात्र तोच आहे. फोन करताना स्वतःचं नाव सांगितलंच पाहिजे असं नाही, पण मूल नेमकं कुठे सापडेल हे सांगा. कॉलचा संदर्भ मागून टिपून ठेवा. आणि प्रकार लैंगिक असेल तर नुसत्या या फोनवर विसंबू नका; पोलिसांपर्यंत लेखी खबर गेली ना, ते बघा.

दवाखाना आणि पहिले चोवीस तास

मुलाला इजा असेल तर आधी दवाखाना, मग ठाणं. गुन्हा दाखल नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते. तातडीचे उपचार द्यायच्या आधी डॉक्टरांनी पोलिसांचं पत्र मागायचं नाही, आणि उपचार सरकारी असो की खासगी, मोफत आहेत. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरने करायची. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी. गर्भधारणा टाळण्याच्या गोळीचंही तेच. म्हणून ‘सोमवारी बघू’ नको.

डॉक्टरांसाठी एक बारकावा. अल्पवयीन मुलगी संमतीच्या संबंधातून गरोदर राहून गर्भपातासाठी आली तरी कलम १९ ची खबर द्यावीच लागते. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर त्या खबरीत तिची ओळख न देण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिली आहे. हे माहीत नसल्यामुळे मुली भोंदू दवाखान्यांकडे वळतात.

खबर मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला; महिन्यातून किमान २० दिवस बैठक व्हायला हवी. पोक्सो नियम, २०२० प्रमाणे समिती मुलासोबत एक सहायक व्यक्ती नेमू शकते. ही व्यक्ती ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सोबत राहते, तारखा सांगते, मुलाला समजेल असं समजावते. पालकांना हे सहसा कोणी सांगत नाही. मागा. लेखी मागा. खाणं, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चासाठी विशेष साहाय्याची शिफारसही समिती करू शकते. भरपाईचं पाहणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजनाही तिथूनच चालते. बालकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही; मदतीचा क्रमांक १५१००.

आता कागद

यंत्रणेत शिरल्याबरोबर एक वही घाला. डाव्या पानावर तारीख आणि कोणाला भेटलो, उजव्या पानावर मिळालेला क्रमांक: आवक क्रमांक, गुन्हा रजिस्टर क्रमांक, दवाखान्याचा एमएलसी (पोलीस केस म्हणून नोंदलेल्या रुग्णाचा) क्रमांक, समितीचा प्रकरण क्रमांक, न्यायालयाचा खटला क्रमांक. चार कार्यालयं, पाच वेगळे क्रमांक, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. पुढे नक्कल काढायला गेलात की पहिला प्रश्न क्रमांकाचाच येतो.

कागद कोणाला मिळतात हे नीट समजून घ्या. बाल न्याय कायद्याच्या कलम ९९ ने समितीसमोरचे सगळे अहवाल गोपनीय ठरवले आहेत. समितीला योग्य वाटलं तर ती त्यातला सारांश मुलाला, पालकांना सांगू शकते. त्याच कलमाचा दुसरा भाग मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतो: पीडिताला त्याच्या प्रकरणाची नोंद, आदेश आणि संबंधित कागदपत्रं नाकारता येत नाहीत. समितीच्या लिपिकाने ‘गोपनीय आहे, मिळत नाही’ असं म्हटलं तर भांडू नका. अर्जात ‘कलम ९९, पोटकलम २ अन्वये’ एवढं लिहा आणि मूल, त्याचे पालक किंवा वकील यांच्या सहीने द्या. पालकच आरोपी असेल तर त्याच्या अर्जावर काय द्यायचं ते समिती ठरवेल, आणि ठरवायलाच हवं. नवरा-बायकोच्या ताब्याच्या भांडणात ही फाइल हत्यार म्हणून मागितली जाते. तुम्ही संस्थेचे असाल तर अशा वेळी कोणालाही परस्पर झेरॉक्स देऊ नका, समितीकडे बोट दाखवा.

आणि तुम्ही, खबर देणारे? तुम्हाला एफआयआरची प्रत मिळेल, जर फिर्यादी तुम्ही असाल तर. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. बाकी गृहचौकशी अहवाल (मुलाच्या घरच्या परिस्थितीचा), समुपदेशकाच्या नोंदी, मूल कुठल्या बालगृहात ठेवलंय, यातलं काही तुम्हाला मिळणार नाही. कित्येकांना याचा राग येतो: ‘मी पुढे आलो म्हणून हे उघडकीला आलं, आणि मलाच काही सांगत नाहीत.’ बरोबर आहे, सांगू नये. ती फाइल त्या मुलाची आहे.

कागदानुसार वाट वेगळी आहे. एफआयआर पोलीस ठाण्यातून. ती पोलिसांच्या संकेतस्थळावर शोधत बसू नका. इतर गुन्ह्यांच्या तिथे टाकल्या जातात, पण पोक्सोसारख्या संवेदनशील गुन्ह्यांच्या टाकल्या जात नाहीत. दवाखान्याच्या नोंदी रुग्णालयाच्या अभिलेख विभागात अर्ज करून. रुग्णाने किंवा अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर त्या ७२ तासांत द्यायच्या असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. दोषारोपपत्र दाखल झालं की त्यासोबतच्या कागदांची प्रत मूल, पालक किंवा त्यांच्या प्रतिनिधीला मिळण्याची तरतूद पोक्सोच्या कलम २५ मध्ये आहे. पालकांना वाटतं ती फक्त आरोपीच्या वकिलाला मिळते. न्यायालयाच्या आदेशांसाठी नक्कल विभागात अर्ज करून सही-शिक्क्याची प्रत काढावी लागते. आरोपीला अटक झाली, जामिनाचा अर्ज आला, तारीख लागली, हे मुलाच्या घरच्यांना सांगणं पोलिसांचं काम आहे. न सांगता जामीन झाला तर लगेच सरकारी वकिलांना भेटा.

समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील होतं. म्हणून आदेशाची प्रत उशिरा मिळणं ही साधी गैरसोय नाही; अपिलाचे दिवस त्यात खर्च होतात. समितीच्या कारभाराबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे.

माहिती अधिकाराचा अर्ज एखाद्या मुलाच्या फाइलसाठी टाकू नका. तो फेटाळला जाईल आणि मुलाचं नाव आणखी एका आवक रजिस्टरात चढेल. जिल्ह्यात वर्षभरात किती प्रकरणं आली, समितीच्या किती बैठका झाल्या, किती पदं रिकामी आहेत, यासाठी मात्र दहा रुपयांचा हा अर्ज उत्तम. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

नवीन माणूस कामावर घेताना काही शाळा विचारतात की लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी कुठे बघायची. अशी नोंदणी २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांसाठी खुली आहे. तुम्ही पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायची. मुलांशी संबंध येणाऱ्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पडताळणी ठरावीक काळाने करावी, असं पोक्सो नियमांतच आहे. बसचालक आणि सफाई कामगार ठेकेदाराचे आहेत म्हणून ते यातून सुटत नाहीत.

नाव फुटतं ते चांगुलपणातून

मुलाची ओळख पटेल असं काहीही छापणं, दाखवणं हा गुन्हा आहे: नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरच्यांची माहिती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे आणखी कडक केलं. तरीही नाव फुटतं, आणि ते बहुतेक वेळा बातमीदारामुळे नाही तर आपल्यासारख्यांमुळे फुटतं. ‘आपल्या सोसायटीतल्या बी विंगमधल्या मुलीला न्याय द्या’ अशी पोस्ट. मोर्चाच्या फलकावर शाळेचं नाव. पालकसभेत ‘तुम्हाला कळलंच असेल’ म्हणून सुरू झालेलं बोलणं. गावात तर ‘ती मुलगी’ म्हटलं तरी पुरतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, हजेरीच्या शेऱ्यात यातलं काहीही येता कामा नये. मूल दुसऱ्या शाळेत गेलं तर सोबत फक्त दाखला जातो, कहाणी जात नाही.

मोठं झाल्यावर स्वतःची फाइल मागायची असेल तर

बालगृहात वाढलेले, आता वीस-पंचवीस वर्षांचे झालेले अनेक जण विचारतात: मला कुठून आणलं, कोणी सोडलं, माझे भाऊ-बहीण कुठे गेले, हे कुठे लिहिलेलं असेल? असतं. समितीचा आदेश, गृहचौकशी अहवाल, वैयक्तिक काळजी आराखडा, संस्थेचं प्रवेश रजिस्टर, दवाखान्याच्या नोंदी. अर्ज बालकल्याण समितीला करा, प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना आणि संस्थेला. तुमचं त्या वेळचं नाव (पुष्कळांचं संस्थेत बदललेलं असतं), अंदाजे प्रवेशाचं वर्ष, संस्थेचं नाव, असेल तर शाळेचा दाखला आणि आत्ताचं ओळखपत्र जोडा. संस्था बंद पडली असेल तर तिचं दप्तर कोणाकडे वर्ग झालं, हा प्रश्नही त्याच अर्जात विचारा. उत्तर वेळ घेतं, आणि फाइलमध्ये वाचायला जड जाईल असं काही निघू शकतं. समितीकडेच समुपदेशकाची मागणी करा आणि पहिल्यांदा ती सोबत कोणीतरी असताना उघडा. ‘जुनी फाइल सापडत नाही’ असं तोंडी सांगितलं गेलं तर तेच लेखी मागा आणि त्या उत्तरासह जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.